झाकण काढलं तरी काटा सातवर होता

57,000 रुपये गेले. लिहायला लाज वाटते, पण आमच्या बचत गटातल्या आणखी दोघी पुढच्या महिन्यात तिथेच पैसे भरणार होत्या, म्हणून लिहितेय.

संक्रांतीनंतरच्या रविवारी साताऱ्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रेशर कॅनिंगचं शिबिर होतं. उसळी, रस्से काचेच्या बरणीत भरायचे, फ्रीजशिवाय वर्षभर टिकणार आणि माल तेच 140 रुपये बरणीने परत घेणार. ‘बाय बॅक’ म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, तिथेच कळायला हवं होतं. पण मी काही हुरळून गेले नव्हते. अकरा वर्षं डबे देतेय, हिशेब मला कळतो. करार स्टॅम्पपेपरवर होता, भिंतीवर उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र होतं. ती नोंदणी फुकट होते, आपली माहिती आपणच भरायची असते, हे मला नंतर कळलं. तो कागद बघून कुणावर विश्वास ठेवू नका.

यंत्र 26,000, प्रशिक्षण 4,500, शंभर बरण्या 8,000. मग फूड लायसन्सचे 3,500 आणि ‘परत मिळणारं’ डिपॉझिट 15,000. छोट्या धंद्याच्या अन्न नोंदणीची सरकारी फी वर्षाला 100 रुपये आहे. शंभर! त्यांनी दिलेला लायसन्सचा चौदा आकडी नंबर फॉसकॉसवर, म्हणजे फूड लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर टाकला, तर दुसऱ्याच जिल्ह्यातला वेफर्सवाला निघाला.

आणि तो काटा. शिबिरात मी दुसऱ्या रांगेत होते. शिकवणाऱ्याने झाकण काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, डायलचा काटा सातवर. झाकण भांड्यावर नाही, वाफ नाही, मग दाब कसला? मी विचारलंसुद्धा. “नवीन पीस आहे मॅडम, काटा जाम झालाय.” मागच्या बायका हसल्या आणि मी गप्प बसले. रोज दोन कुकर लावणारी बाई मी! तेव्हाच उठून यायला हवं होतं. अजून रात्री तो सात डोळ्यांपुढे येतो.

घरी आला तो साधा मोठा कुकर, वर डायल बसवलेला. सोबत तक्ता: सगळ्या पदार्थांना 25 मिनिटं. घेवडा, मटार, मटण यांत आंबटपणा नसतो. अशा बंद बरणीत बॉट्युलिनम हा जंतू जीवघेणं विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या 100 अंशांना मरत नाहीत, 116 ते 121 अंश लागतात, दाब हवा तो त्यासाठी. अर्ध्या लिटरच्या बरणीतल्या घेवड्याच्या दाण्यांना 75 मिनिटं लागतात, तीही आधी 10 मिनिटं वाफ सोडून, दाब चढल्यावर मोजायची. सातारा समुद्रसपाटीपासून 700 मीटरवर, त्यामुळे डायलवर 11 ऐवजी 12 पौंड दाब धरायचा. काटाच खोटा तर बारा पौंड बघायचे कुठे?

मी वाघ्या घेवड्याच्या 40 बरण्या भरल्या. बाराव्या दिवशी तीन झाकणं फुगली. दोन बरण्या पुण्याला भाचीच्या होस्टेलवर गेल्या होत्या. रात्री अकराला फोन केला. “मावशी, एक संपवली, मस्त होती.” पुढचे चार दिवस रोज दोनदा फोन करून त्या विषाची लक्षणं विचारत होते, एकाचं दोन दिसत नाही ना, गिळता येतंय ना. तिला काही झालं नाही. पण ते चार दिवस मला कोण भरून देणार?

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. “करार आहे ना, मग हा दिवाणी मामला.” बँकेत, “यूपीआय तुम्हीच केलंत.” 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पण तोवर 19 दिवस उलटले होते आणि खात्यातून पैसे पुढे गेले होते. तुम्ही त्याच तासाला फोन करा. अन्न विभागातल्या साहेबांनी विचारलं, “माल विकलात का? नाही? मग आमचा काय संबंध?” म्हणजे कुणी मेल्यावर यायचं का? अर्जाची पोच मागितली, तर शिक्का सापडत नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत ड्रॉवर उघडून बंद केला. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, एवढं साधंसुद्धा कुणी सांगितलं नाही. शेवटी शेजारच्या वकीलबाईंकडून कळलं.

उरलेल्या 35 बरण्या न उघडता पिशवीत बांधून टाकल्या. त्या शिबिरातली बरणी कुणाकडे असेल, झाकण आत ओढलेलं असलं, वास चांगला येत असला तरी जिभेला लावू नका. आणि तुमच्या पावत्या जपून ठेवा, सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जातेय, या वेळी आम्ही सहा जणी आहोत.