एक्सपीची वार्षिक 'की' आणि आमचे गेलेले पैसे

ज्यांच्या प्रेसमध्ये, लॅबमध्ये किंवा वजनकाट्यावर अजून विंडोज एक्सपीचं मशीन चालू आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. एक्सपीला दरवर्षी रिन्यू करायची कुठलीही 'की' नसते. कुणी पेनड्राइव्ह देऊन 'हा लावल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही' असं सांगत असेल, तर त्यात बहुतेक तुमच्याच हार्ड डिस्कवरून उचललेल्या तीन फायली असतील. आम्ही त्या तीन फायलींचं भाडं भरत होतो.

आमची छोटी ऑफसेट प्रेस. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की हँडबिलं. जुनं सगळं काम पेजमेकर 7 या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरं देणारे, नाहीत. फाइल नव्या मशीनवर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. शिवाय फॉन्टच्या पॅकेजला डोंगल आहे, म्हणजे मशीनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी परवान्याची छोटी वस्तू. त्यामुळे एक्सपीचं ते मशीन आम्ही जपून ठेवलंय.

एकदा सकाळी काळ्या स्क्रीनवर 'एनटीएलडीआर इज मिसिंग' असं आलं आणि मशीन पुढे सरकेना. गावातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन दुकानात नेलं आणि संध्याकाळी परत आणलं, मागे एक काळा पेनड्राइव्ह लावून. म्हणाला, "शेठ, मायक्रोसॉफ्टनं 2014 मध्ये एक्सपी बंद केलं. आता बूट लोडरला लायसन्स की लागते. ही एक वर्षाची आहे." बूट लोडर म्हणजे मशीन चालू होताना विंडोज उचलणारा छोटा प्रोग्राम. की चे साडेचार हजार, पुढे दरवर्षी रिन्यूअलचे दोन हजार.

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पचतं. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट थांबवला. त्याचा अर्थ नवे अपडेट यायचे थांबले. चालू असलेलं मशीन त्यामुळे बंद पडत नाही. आणि डोंगल ही वस्तू डीटीपीवाल्यांच्या अंगवळणी पडलेली. आणखी एक डोंगल म्हटल्यावर आमच्या धंद्यात कुणाचीही भुवई उंचावत नाही. त्यानं गिऱ्हाईक बरोबर हेरलं होतं.

वर पुरावाही दिसायचा. मशीन सुरू केलं की मेनू यायचा: 'एक्सपी प्रोफेशनल – व्हॅलिड अपटू मार्च', पुढे साल, आणि खाली दुसरी ओळ 'रिन्यूअल मोड'. मार्च आला की तो पेनड्राइव्ह घेऊन जायचा, आणि परत आणला की साल बदललेलं असायचं.

भांडं फुटलं ते ऐन लग्नसराईत. तो पेनड्राइव्ह वाकून तुटला आणि हा बाबा फोन उचलेना. पलीकडच्या गल्लीतल्या प्रेसला त्याच माणसानं तशीच की दिली होती. ती उसनी आणून लावली, तर आमचं मशीन बिनबोभाट सुरू झालं! दुसऱ्याच्या नावाची की आपल्या मशीनवर चालते, हा कसला परवाना?

भाचा डिप्लोमाला आहे. त्यानं तो उसना पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तर रिकामा दिसला. मग फोल्डरच्या सेटिंगमध्ये सिस्टिमच्या लपवलेल्या फायली दाखवायला लावल्या, तेव्हा तीन नावं दिसली: एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट डॉट कॉम आणि बूट डॉट आयएनआय. तिन्ही मिळून 300 केबीसुद्धा नाहीत. "मामा, हाच तुमचा बूट लोडर. हा सी ड्राइव्हच्या तोंडाशी असतो. त्यानं तिथून उचलून इथं ठेवलाय."

बूट डॉट आयएनआय ही साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. कुठल्या डिस्कवरच्या कुठल्या भागातून विंडोज उचलायची हे तीत लिहिलेलं असतं, आणि पुढे अवतरणचिन्हांत मेनूवर दिसणारं नाव. ते नाव तुम्ही काहीही टाइप करू शकता. 'व्हॅलिड अपटू मार्च' तिथंच टाइप केलेलं होतं. एक्सपी एकच असेल तर मेनू दिसत नाही, म्हणून त्यानं त्याच विंडोजची ओळ दोनदा लिहून दुसरीला 'रिन्यूअल मोड' नाव दिलं होतं. एवढी अक्कल सरळ कामात लावली असती तर दुकान मोठं झालं असतं.

दुरुस्ती अगदी किरकोळ निघाली. तिन्ही फायली सी ड्राइव्हवर परत कॉपी केल्या. पेनड्राइव्हवरून बूट होताना तो पहिली डिस्क धरला जातो आणि आतली डिस्क दुसरी, म्हणून ओळीत 'आरडिस्क' पुढे 1 होता. तो 0 केला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, हार्ड डिस्क पहिल्या नंबरावर आणली. मशीन पेनड्राइव्हविना सुरू झालं. कुणाकडे या फायलीच उरल्या नसतील तर पहिल्या दोन एक्सपीच्या सीडीतल्या आय386 फोल्डरमधून घेता येतात, आणि तिसरी रिकव्हरी कन्सोलमध्ये (सीडीवरून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर) 'बूटसीएफजी' च्या 'रीबिल्ड' नं नव्यानं बनते.

मूळ बिघाडही बहुधा फुसकाच होता. गिऱ्हाईक मॅटर घेऊन येतं तो पेनड्राइव्ह मशीनलाच राहिला आणि बायोस आधी यूएसबी बघत असलं, तरी हाच संदेश येऊ शकतो. पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा चालू करायचं, झालं.

तुमच्याकडे अशी की असेल तर विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर, त्यातली फाइल उघडी नाही ना हे बघून, ती काढा. खरं डोंगल काढलं की त्याचं सॉफ्टवेअर बहुधा कुरकुर करतं. आमची ही की काढली तरी दिवसभर कुणाला पत्ता लागला नसता.

त्याला जाब विचारला तर म्हणाला, "आत्ता चालेल शेठ, ते ट्रायलवर आहे, महिन्यात बंद पडेल." महिना केव्हाच उलटला. पक्कं बिल त्यानं कधी दिलं नव्हतं, पण एका कच्च्या पावतीवर त्याच्याच अक्षरात 'एक्सपी की रिन्यूअल' लिहिलेलं सापडलं. दोन्ही प्रेसवाले ती पावती घेऊन दुकानात गेलो, तेव्हा शेवटच्या वर्षाचे दोन हजार प्रत्येकाला मिळाले. आधीचे बुडाले.

आता तो विंडोज 7 वाल्यांकडे फिरतोय असं कानावर आलंय. 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, त्यामुळे गोष्ट तीच सांगता येते. तिथं लोडरचं नाव बूटएमजीआर आणि यादी बीसीडी नावाच्या फाइलमध्ये. ती नोटपॅडमध्ये उघडत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'बीसीडीएडिट' टाइप केलं की सगळ्या नोंदी दिसतात. त्यातल्या 'डिस्क्रिप्शन' पुढचा मजकूरही कुणालाही बदलता येतो. तिथं एखादी मुदत लिहिलेली दिसली, तर पैसे देण्याआधी पक्कं बिल मागा.