आग्र्याचा वाद की मुंबईच्या किनाऱ्यावरचा?

ख्रिस्ती देव नेमका कसा, यावरचे जुने वाद वाचायचे तर माझ्यासमोर दोनच येतात. एक आग्र्याचा, एप्रिल १८५४, मौलाना रहमतुल्ला कैरानवी विरुद्ध मिशनरी फांडर. विषयांच्या यादीत त्रैक्य (एकाच देवाची तीन रूपं: पिता, पुत्र, पवित्र आत्मा) होतं, पण दोन्ही दिवस कुराण आल्यावर बायबल रद्द झालंय का आणि त्यात फेरफार झालाय का यातच गेले, त्रैक्याची पाळी आलीच नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. ग्रंथाची चिकित्सा शिकायची असेल तर मात्र हाच वाचा.

दुसरा आपल्या मुंबईतला, १८५७, वेदांती विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी पाद्र्यांशी उघड्यावर वाद घालायचे आणि लोक जमून ऐकायचे. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच त्याचा इंग्रजी वृत्तांत छापला, म्हणजे तो एका बाजूने लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवूनच वाचायचा.

प्रश्नच वेगळे बघा. मुसलमान विचारतो, देव एक तर पिता, पुत्र, पवित्र आत्मा कसे? वेदांती विचारतो, घडा मातीहून वेगळा नसतो मग देव सृष्टीहून वेगळा कशाला मानायचा? मला दुसरा प्रश्न जास्त खोल वाटतो, म्हणून मी आधी मुंबईचाच वाचायला सांगेन.