सायकलवरचा सुकलेला गम कशाने काढायचा: ड्रायर, अल्कोहोल, टर्पेंटाइन की अ‍ॅसिटोन?

सुकलेला गम काढायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात गम कुठला आहे, पण माझ्या मते आधी बघायचं ते त्याच्या खाली काय आहे, म्हणजे रंगवलेली फ्रेम, उघडं अ‍ॅल्युमिनियम, कार्बन की प्लास्टिक. गम आज ना उद्या निघतोच हो, उडालेला रंग परत येत नाही.

स्टिकर किंवा हँडलबार टेपचा चिकटा असेल तर पहिला नंबर हेअर ड्रायरचाच. तो गम उष्णतेने मऊ पडतो, मग बोटाने नाहीतर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने हळूहळू लोटत न्यायचा. रंगाला काही होत नाही, वासही नाही. हीट गन मात्र लांब ठेवा, कार्बनमधलं रेझिन तेवढी उष्णता सहन करत नाही.

मागे उरतो त्या पातळ चिकट थरासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्केवालं, कारण ७० टक्केवाल्यात बाकीचं पाणीच असतं. फ्रेमच्या चांगल्या रंगावर ते सहसा चालतं आणि डिस्क ब्रेकच्या रोटरसाठी, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीसाठी, तर हेच घ्या, सुकल्यावर मागे काही राहत नाही. पण जाड रबरी गमपुढे याचं काही चालत नाही.

तिथे टर्पेंटाइन कामाचं. पंक्चरच्या सोल्युशनचे डाग, ट्युब्युलर टायरचा (हा टायर रिमवर गमनेच चिकटवतात) रिमवरचा गम, असलं रबरी काहीही थोडा वेळ ओलं फडकं ठेवलं की फुगून सुटायला लागतं. रॉकेलपण चालतं पण त्याचा तेलकट थर राहतो, आणि रिम ब्रेक असेल तर ब्रेक घासतो त्या पट्टीवर तो थर म्हणजे धोका, त्यामुळे नंतर अल्कोहोलने पुसणं आलंच. एक सांगायचं राहिलं, ट्युब्युलरच्या रिमवर जुना गम पातळ, एकसारखा आणि घट्ट बसलेला असेल तर तो काढायची गरजच नसते, त्यावरच नवा थर देता येतो. खपल्या निघत असतील, गाठी असतील किंवा दुसऱ्या प्रकारचा गम लावायचा असेल तरच सगळं साफ करा.

अ‍ॅसिटोन सगळ्यात जोरदार, सुपरग्लू विरघळवायचा तर हेच, पण रंग आणि बरीचशी प्लास्टिकं पण तितक्याच झपाट्याने खातं. मी म्हणेन फक्त उघड्या धातूवर वापरा, कार्बनवरच्या क्लिअरकोटवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, नको. शिवाय ते इतक्या पटकन उडतं की विरघळलेला गम पुन्हा तिथेच बसतो, म्हणून दर पुसण्याला फडक्याची स्वच्छ बाजू घ्यायची. नेलपॉलिश रिमूव्हर घेणार असाल तर लेबल वाचा, कित्येकांत तेल आणि सुगंध घातलेला असतो.

पॉलिश पेपरने घासायच्या भानगडीत पडू नका, अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर, गेलं की गेलं. बोल्टच्या आट्यांमधला थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावतात तो गम, हा वेगळाच विषय, बोल्ट काढून झाल्यावर आटे वायर ब्रशने साफ केले की पुरतं.

आणि ड्रायर आणि अ‍ॅसिटोन दोन्ही लागणार असतील तर आधी ड्रायर, तो बंद करून प्लग काढून लांब ठेवा, पार्ट गार होऊ द्या, खिडक्या उघडा आणि मगच बाटलीचं झाकण काढा, कारण त्याची वाफ छोट्याशा ठिणगीनेही पेट घेते.