फ्युजिंग जाळीने भोकं बुजवताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जीन्सच्या मांडीवर आतून लावलेल्या ठिगळाचा एक कोपरा धुण्यात सुटला, म्हणून हे लिहितो आहे. जाळी म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप. शिंपी कॉलरला लावतात ती पेस्टिंग वेगळी. तिला एकाच बाजूला डिंक असतो आणि टाचणीएवढ्या भोकापलीकडे ती कामाची नाही.

कोपरा सुटल्यावर दोष जाळीलाच दिला होता. पण उचकटून पाहिलं तर आत जाळीची नक्षी जशीच्या तशी, म्हणजे डिंक वितळलाच नव्हता. कारण इस्त्रीत होतं. स्टीम इस्त्रीच्या तळाला भोकं असतात. तेवढ्या जागी धातू कापडाला टेकत नाही, दाब पडत नाही आणि डिंक धाग्यांत शिरत नाही. पाकिटावर याबद्दल अवाक्षर नाही, ‘१० सेकंद दाबा’ एवढंच. पातळ सुती कापडाला १० सेकंद पुरतात, पण जीन्सच्या जाडीतून उष्णता खाली पोचायलाच २० लागतात. माळ्यावर सपाट तळाची जुनी जड इस्त्री असेल तर तीच काढा, नवीन काही घेऊ नका. स्टीमचीच असेल तर वाफ बंद ठेवा आणि एकदा दाबल्यावर उचलून दोन बोटं सरकवून पुन्हा दाबा. इस्त्री फिरवायची मात्र नाही, ठिगळ जागचं हलतं.

टी-शर्टच्या भोकासाठी: कपडा आधी धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता. त्याचा थर धाग्यांवर बसला की डिंक धरत नाही. नव्या कापडाचं ठिगळ असेल तर त्याची खळही काढून घ्या. ठिगळ होजिअरीचंच हवं, भोकापेक्षा चहूबाजूंनी १ सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेले. टोकदार कोपरा आधी सुटतो. जाळी ठिगळापेक्षा किंचित लहान. कपडा उलटा करून खाली बेकिंग पेपर ठेवा, नाहीतर भोकातून उतरलेला डिंक टेबलाला चिकटतो. भोकाच्या कडा बोटांनी जवळ आणा, वर जाळी, त्यावर ठिगळ, त्यावर ओलसर सुती फडकं. इस्त्रीची चकती दोन टिंबांच्या खुणेवर ठेवून दाबा. मग पाच मिनिटं हात लावू नका. गरम असताना ओढून बघण्याची घाई बहुतेकांना नडते, कारण डिंक थंड होतानाच घट्ट होतो. धुणं दुसऱ्या दिवशी, उलटं करून, थंड पाण्यात.

दोष इस्त्रीचा होता हे कळल्यावर जाळीबद्दलचं मत बदललं. जीन्सच्या सुटलेल्या कोपऱ्याला नवी जाळी लागली नाही. डिंक उष्णतेने पुन्हा वितळतो, त्यामुळे जुन्याच जाळीवर इस्त्री दाबली आणि कोपरा बसला. पैसे वाचवणारा खरा गुण हाच. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: पुढे कधी त्याच जागेवर तीन टिंबांची इस्त्री फिरवली तर ठिगळ सरकतं.

लेगिंगला जाळी लावू नका. डिंक ताणला जात नाही आणि ठिगळाच्या कडेलाच नवं भोक पडतं. नायलॉनचा रेनकोट तापवलेल्या इस्त्रीखाली आकसतो. पैठणीला किंवा कुठल्याही रेशमाला तर नकोच, डिंकाचा डाग पलीकडे उमटतो. तिथे रफूवाल्याकडेच जा. जीन्स, सुती कुर्ते, चादरी, उशीचे अभ्रे यांना मात्र बेधडक लावा. कोळशाच्या इस्त्रीवर हे काम देऊ नका, तिच्या उष्णतेचा अंदाज बांधता येत नाही.