कॉलम की सॉल्ट?

रेसिमिक अमाइन (डावे-उजवे रेणू निम्मे-निम्मे मिसळलेला बेस) तयार आहे, दोनशे ग्रॅम शुद्ध एस-एनँशिओमर, म्हणजे त्यातला एकच हात, हवाय, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रश्न तुमच्याकडेच येणार: चिरल कॉलमवर (डाव्या-उजव्या रेणूंना वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणारी नळी) वेगळं करायचं की एकाच हाताच्या ॲसिडबरोबर सॉल्टचे स्फटिक पाडून? अंधेरीतल्या लॅबमध्ये मी दोन्ही करून बसलोय, म्हणून चार शब्द.

पहिल्या पाच-दहा ग्रॅमला कॉलमला तोड नाही, हे आधीच कबूल. हेक्झेन-आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), थेंबभर डायइथिलअमाइन, दोन दिवसांत मेथड बसते आणि दोन्ही एनँशिओमर हातात येतात. सॉल्टला नशीब लागतं. ॲसिड बदला, सॉल्व्हंट बदला, आणि आठवड्याने बघावं तर फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखं तेल.

तरी माझं मन फिरलं ते एथिल ॲसिटेटमुळे. आमचा कॉलम कोटेड, म्हणजे सेल्युलोजचं डेरिव्हेटिव्ह सिलिकावर नुसतं लिंपलेलं. एका मुलाने संध्याकाळी घाईघाईत सँपल एथिल ॲसिटेटमध्ये विरघळवून इंजेक्ट केलं. त्याची विरार फास्ट चुकत होती. इंजेक्शन एकदा नाही, सलग बारा वेळा. एथिल ॲसिटेटने लेप सुटला, प्रेशर चढलं, पीक (आलेखातले उंचवटे) पसरले. नवा कॉलम येईपर्यंत पाच आठवडे काम ठप्प. त्याला तरी काय बोलणार? सॉल्व्हंट रोजच्या हाताखालचा. इमोबिलाइज्ड, म्हणजे लेप बंधाने पक्का केलेल्या, कॉलमला ही भीती नाही, खरं आहे. पण आमच्या रेणूचे दोन्ही पीक तिथे एकमेकांना चिकटूनच यायचे.

त्या पाच आठवड्यांत नाइलाजाने सॉल्टला हात घातला. सर्ट्रालिन हे औषध मँडेलिक ॲसिडने वेगळं करतात, क्लोपिडोग्रेल कॅम्फरसल्फोनिकने, तेव्हा आपणही बघू म्हटलं. मँडेलिकने तिसऱ्या सॉल्व्हंटमध्ये दाणा धरला. पहिल्या खेपेला ईई (एका हाताचं दुसऱ्यावरचं आधिक्य) बेताचाच, दोनदा रिक्रिस्टलाइज केल्यावर मनासारखा. त्याच मुलाने एकदा फ्लास्क भसकन थंड केला, सगळं एकदम खाली बसलं. पुन्हा गरम केलं, विरघळवलं, सीड (तयार स्फटिकाचा कण) टाकून सावकाश थंड केलं. नुकसान एका दुपारचं.

आणखी एक फायदा, जो मीटिंगमध्ये कुणी धरत नाही. सॉल्टचा चांगला स्फटिक मिळाला की एक्स-रेने त्याची रचना दिसते, आणि त्यातल्या मँडेलिकचा हात आधीच ठाऊक असतो. त्यावरून अमाइनचा आर की एस ते तिथल्या तिथे कळतं.

मुंबईत थोडं जपून, एवढंच. १८४८ मध्ये पाश्चरने सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने निवडले, पण ते साधारण २७ अंशांच्या खालीच वेगवेगळे पडतात. एसी नसलेल्या आपल्या मे महिन्यात बिचाऱ्याला काही दिसलं नसतं. जुलैत तर ओव्हनमधून काढलेला सॉल्ट टेबलावर ठेवला की पाणी ओढतो; पावडर एक्स-रे लगेच करून घ्या.

ईई मोजायला लहान कॉलम लागणारच, तो नसेल तर आजच मागवा. रेणूत ॲसिडही नाही, बेसही नाही, तर सॉल्टचा विषयच संपला. अमाइन असेल तर मात्र मी आधी मँडेलिक, टार्टारिक आणि कॅम्फरसल्फोनिकच्या बाटल्या काढीन. मोठ्या कॉलमचं कोटेशन मागवून ठेवायला हरकत नाही. ते येईपर्यंत दाणा धरलेला असेल कदाचित.