गेटच्या तयारीचं साहित्य: दीड वर्षाच्या वापरानंतर काय ठेवलं, काय विकलं

गेल्या रविवारी गेटचा (इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.च्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा) पोस्टल सेट, म्हणजे क्लासने घरी पाठवलेल्या पुस्तिका, विकला. 22 पुस्तिका, 3,200 रुपयांना. घ्यायला आलेली मुलगी थर्ड इयरची, सोबत तिचे बाबा. बाबांनी पुस्तिका दोनदा मोजल्या. ती तेवढ्यात म्हणाली, "ताई, एवढं केलं की पुरेल ना?" मी "हो गं, होईल सगळं" असं काहीतरी बोलून गेले. त्यांची स्कूटर गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी शाखा सिव्हिल. डिग्रीनंतर मोशीला एका गृहप्रकल्पावर साइट इंजिनिअर होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये तयारी सुरू केली. फेब्रुवारी 2024 ला पहिला प्रयत्न, 100 पैकी 34 गुण. फेब्रुवारी 2025 ला दुसरा, 57.33. आता सीसीएमटीतून (एम.टेक.च्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या) एका एनआयटीत जिओटेक, म्हणजे माती आणि पायाचं इंजिनिअरिंग, मिळालंय आणि खोली रिकामी करायचीय, म्हणून ही विकाविकी. (साइटवरचा पगार सोडून महिना 12,400 च्या स्टायपेंडवर राहायचंय. आईला हे गणित अजून पटलेलं नाही.)

पहिल्या वर्षी मी घेतलेल्या वस्तू अशा: एका क्लासचा पोस्टल सेट, विषयवार जुन्या प्रश्नांचं जाडजूड पुस्तक, दोन टेस्ट सिरीज, अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड आणलेली चार पुस्तकं, आणि टेलिग्रामवरून उतरवलेल्या 11 जीबीच्या पीडीएफ. त्या पीडीएफबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मी त्या उघडल्याच नाहीत. कुणीतरी ग्रुपवर "टॉपरच्या हस्तलिखित नोट्स" टाकल्या की आपण उतरवून घेतो आणि आज अभ्यास झाला असं वाटून झोपतो. एका संध्याकाळी फोनची मेमरी भरली, स्लॅबचे फोटो निघेनात, तेव्हा सगळ्या उडवल्या.

पोस्टल सेटपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेले. आधी चांगलं सांगते. विषयांचा क्रम लावून मिळतो. रात्री नऊला साइटवरून आल्यावर आज काय उघडायचं याचा विचार करावा लागत नाही, आणि नोकरी करणाऱ्याला त्याची किंमत कळते. प्रकरणाच्या सुरुवातीला सूत्रं, मग सोडवलेली उदाहरणं, मग सराव. गणिताच्या आणि फ्लुइडच्या पुस्तिका खरंच नेटक्या होत्या.

आता वाईट. सॉइलच्या, म्हणजे मातीच्या विषयाच्या, पुस्तिकेत घनीकरणाचा (वजनाखाली मातीतलं पाणी निघून ती दबत जाते त्याचा) एक प्रश्न होता. प्रयोगशाळेत 20 मिमी जाडीचा चिकणमातीचा नमुना, दोन्ही बाजूंनी निचरा, 50 टक्के घनीकरणाला 10 मिनिटं लागतात. प्रत्यक्ष जागेवर तीच माती 4 मीटर जाड, वर वाळू, खाली अभेद्य खडक. तिथे 50 टक्क्यांना किती दिवस? मी काढलं 1111. पुस्तिकेचं उत्तर 278. परत केलं, परत 1111. रात्रीचे पावणेबारा. रूममेट दिवा बंद कर म्हणून दोनदा ओरडली. दुसऱ्या दिवशी सळई मोजतानाही डोक्यात तेच. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर खडूने मांडलं. वेळ निचऱ्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नमुन्यात पाणी दोन्हीकडून निघतं, म्हणून अंतर 10 मिमी. जागेवर खाली खडक, पाणी फक्त वरून निघणार, म्हणून अंतर पूर्ण 4000 मिमी. 400 चा वर्ग गुणिले 10 मिनिटं, म्हणजे 16 लाख मिनिटं, 1111 दिवस. पुस्तिका लिहिणाऱ्याने जागेवरही निचरा दुहेरी धरला होता, 2000 मिमी घेतले होते. प्रश्नात "अभेद्य खडक" स्वतःच छापून स्वतःच विसरला होता.

अशी एक चूक असती तर चालून गेलं असतं. सॉइलमध्येच मला नऊ सापडल्या, आणि ज्या सापडल्या नाहीत त्या मी बरोबर समजून पाठ केल्या असतील. एन्व्हायर्न्मेंटलच्या पुस्तिकेत पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 300 मिलिग्रॅम छापली होती. तो आकडा आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या 1991 च्या आवृत्तीतला. 2012 च्या आवृत्तीत तो 200 झालाय. मुखपृष्ठावर मात्र "नवीन अभ्यासक्रमानुसार" असा लाल शिक्का. क्लासला दोन मेल पाठवले. उत्तर आलं ते पुढच्या बॅचच्या सवलतीचं.

तरीही सेट घेऊच नका असं मी म्हणत नाही. नवा घेऊ नका, एवढंच. दोन-तीन वर्षं जुना सेट चौथ्या हिश्श्याच्या किमतीत मिळतो, आणि आधीच्या मालकाने पेन्सिलने काही चुका दुरुस्त केल्या असतील तर तो नव्यापेक्षा बरा. फार जुना मात्र नको. एका सिनिअरने मला प्रेमाने दिलेल्या स्टीलच्या नोट्स आयएस 800 या स्टीलच्या कोडच्या 1984 च्या आवृत्तीवर होत्या, सगळं वर्किंग स्ट्रेस या जुन्या पद्धतीने. 2007 पासून तो कोड लिमिट स्टेट या नव्या पद्धतीवर आहे. आठवडाभर मी चुकीची पद्धत घोटत बसले होते.

टेस्ट सिरीजबद्दल माझं मत दोन वर्षांत पूर्ण उलटं झालं. पहिल्या वर्षी घेतलेल्यांपैकी एक इतकी अवघड होती की पहिल्याच पेपरात 18 गुण आले. मी रडले, खोटं कशाला बोलू. नंतर लक्षात आलं की ते प्रश्न अवघड नव्हतेच, लांबलचक होते. सात पायऱ्यांची आकडेमोड, शेवटी चार दशांश स्थळं. खऱ्या पेपरात प्रश्न सहसा दोन-तीन पायऱ्यांत सुटतो, पण पहिली पायरी कुठली ते पटकन दिसत नाही. ती पायरी दिसण्याचा सराव अशा हमालीने होत नाही. आणि ती सिरीज प्रत्येक पेपरानंतर "ऑल इंडिया रँक" दाखवायची. तो पेपर आपण सोडून किती जणांनी दिलाय हे बघितलं की त्या रँकची हवा निघून जाते.

दुसऱ्या वर्षी एकच सिरीज घेतली, साधी. त्यातले 12 पूर्ण पेपर दिले, दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा, फोन रूममेटकडे. खरा उपयोग झाला तो नंतरच्या वहीचा. दोनशे पानी वहीत प्रत्येक चुकलेला प्रश्न लिहायचा आणि पुढे कारण: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आकडेमोड चुकली, की प्रश्न नीट वाचला नाही. बारा पेपर मिळून 187 प्रश्न चुकले. त्यातले माहीत नसलेले फक्त 61. आकडेमोडीत चुकलेले 84. आणि 42 ठिकाणी "चुकीचं विधान कोणतं" यातलं "चुकीचं" मी वाचलंच नव्हतं किंवा मीटरचे मिलिमीटर केले नव्हते. म्हणजे पहिल्या वर्षी मी जे आणखी साहित्य आणत सुटले होते, ते या 61 साठी. उरलेल्या 126 वर कुठलंच पुस्तक विकत मिळत नाही.

कॅल्क्युलेटरचं इथेच सांगते. परीक्षेत स्वतःचा चालत नाही, स्क्रीनवरचा वापरायचा, तोही माउसने टिचक्या मारत. साइन काढायचं तर आधी कोन टाकायचा, मग साइनचं बटण. आपल्या हाताला उलटी सवय. पहिल्या प्रयत्नात मी तिथेच अडखळले. अधिकृत सराव पेपर फुकट असतो, त्यात हाच कॅल्क्युलेटर मिळतो. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरपासून हातातला कॅल्क्युलेटर गावी ठेवून आले आणि सगळी गणितं माउसने केली. सुरुवातीला प्रचंड चिडचिड झाली, जानेवारीत सवय झाली. या एका फुकटच्या वस्तूने मला किती गुण दिले ते मोजता येणार नाही, पण पोस्टल सेटपेक्षा जास्तच असतील.

आता जुने प्रश्न. यावर कुणाचं दुमत नाही, सगळे सांगतात "पीवायक्यू कर". कसे करायचे ते कुणी सांगत नाही. माझं पुस्तक विषयवार होतं आणि त्यातच त्याची खोड दडलेली आहे. वर ठळक अक्षरात "ओपन चॅनल फ्लो: हायड्रॉलिक जम्प" लिहिलं असेल, तर खालचा प्रश्न कशाने सोडवायचा हे प्रश्न वाचायच्या आधीच कळलेलं असतं. अर्धं उत्तर मथळ्यातच. मी त्या पुस्तकातले ऐंशी टक्के प्रश्न सोडवू शकत होते आणि पेपरात मात्र 34. कारण पेपरात मथळा नसतो. 65 प्रश्नांत स्टीलनंतर सर्व्हे, मग सिग्नलचा वेळ, मग सांडपाण्याचा बीओडी.

म्हणून दुसऱ्या वर्षी अधिकृत संकेतस्थळावरून वर्षवार पेपर आणि उत्तरसूची उतरवून घेतली. फुकट. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढल्या, दोन्ही बाजूंनी, 240 रुपये. विषयवार पुस्तक पहिल्या वाचनापुरतं वापरलं, मग प्रिंट. शेवटच्या तीन वर्षांचे पेपर जानेवारीपर्यंत बघायचेसुद्धा नाहीत असं ठरवून कपाटात कुलपात ठेवले. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण, खऱ्यासारखं. सिव्हिलचा पेपर बऱ्याचदा दोन सत्रांत होतो, त्यामुळे एका वर्षाचे दोन पेपर मिळतात, हा आपल्या शाखेचा फायदा.

पेपर आधी बघितला असता तर आणखी एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळली असती. 100 पैकी 15 गुण जनरल ॲप्टिट्यूडचे, 13 गणिताचे. 28 गुण सिव्हिलच्या बाहेरचे, आणि माझ्या खोक्यात ॲप्टिट्यूडची पुस्तिका प्लास्टिक न फाडता पडलेली. शिवाय निगेटिव्ह. चार पर्यायांचा एक गुणाचा प्रश्न चुकला तर एक तृतीयांश जातो, दोन गुणांचा चुकला तर दोन तृतीयांश. पहिल्या वर्षी मी एक गुणाचे चार आणि दोन गुणांचे सहा अंदाजाने ठोकले होते, सगळे चुकले, 5.33 गुण गेले. आकडा लिहायच्या प्रश्नांना आणि एकाहून जास्त पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही. अंदाज मारायचाच तर तिथे मारावा. दुसऱ्या प्रकारात मात्र सगळे पर्याय बरोबर लागले तरच गुण, अर्धवटाला शून्य.

एनपीटीईएलची ऑनलाइन व्याख्यानं मी जपून वापरायला सांगेन. दर्जा उत्तम, आयआयटीचेच प्राध्यापक, पैसे लागत नाहीत. पण बारा आठवड्यांचा कोर्स म्हणजे तीसेक तास, आणि बघताना सगळं समजतंय असं वाटतं. वही कोरी. मी पहिल्या वर्षी एक आख्खा कोर्स बघितला आणि शेवटी शिअर स्ट्रेंग्थचा एक साधा प्रश्न सुटेना. दुसऱ्या वर्षी फक्त त्या 61 पैकी ज्यावर अडले तेवढंच व्याख्यान, साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये डबा खाताना, दीडपट वेगाने. सीपेजचं (मातीतून पाझरणाऱ्या पाण्याचं) फ्लो नेट मला तिथेच कळलं, पोळीभाजी खाता खाता.

आणि पुस्तकं? अप्पा बळवंत चौकातून जी चार आणली, ती "गेटसाठी उत्तम" म्हणून कुणी सांगितलेली, त्यातली तीन परदेशी लेखकांची. पुस्तकं वाईट नाहीत, पण मला त्यात काहीच सापडायचं नाही. शेवटी कराडहून आईकडून डिग्रीची जुनी पुस्तकं एसटी पार्सलने मागवली. सॉइलच्या पुस्तकाला चहाचा डाग पडलाय, तो कुठल्या पानावर आहे आणि त्याच्या पुढे कुठला तक्ता येतो हे मला झोपेतही सांगता येईल. तुम्ही कॉलेजात जे वापरलं तेच वापरा. नावं विचारत बसू नका.

तर त्या मुलीला मी काय सांगायला हवं होतं? आधी कुठलाही एक जुना पेपर घे, काही येत नसताना दे, तीन तास लावून. बारा गुण येतील, येऊ देत. काय येत नाही ते बघ आणि मग तेवढंच विकत घे. मी हे उलट्या क्रमाने केलं, आणि त्यात एक वर्ष आणि चौदा-पंधरा हजार रुपये गेले.

खोलीत आता वर्षवार पेपरांची पिन मारलेली चवड, चुकांची वही आणि चहाच्या डागाचं पुस्तक एवढंच उरलंय. तिघं माझ्याबरोबर हॉस्टेलवर येतील. सेट गेला. सॉइलच्या पुस्तिकेत घनीकरणाच्या त्या पानावर 278 वर काट मारून बाजूला पेन्सिलने 1111 लिहिलंय, खाली "खडक!!" असं दोन उद्गारचिन्हांसकट. विकायच्या आधी खोडरबर घेऊन बसले होते. बाकीची पानं साफ केली, ते ठेवलं.