ट्रस सोडवताना सांधा धरावा की छेद घ्यावा?

बडोद्याच्या दांडिया बाजारात घरी आलेली भाची विचारत होती, "मामा, परीक्षेत जॉइंट मेथड लावू की सेक्शन?" म्हणजे ट्रसचा एकेक सांधा सोडवत जायचा, की ट्रस मधेच कापून एका भागाचा तोल मांडायचा? (ट्रस म्हणजे सरळ दांडे टोकांना जोडून केलेला त्रिकोणांचा सांगाडा.) मग तिच्या वहीतलाच प्रॅट ट्रस (मधले तिरपे दांडे मध्याकडे खाली उतरणारा) घेतला: ३ मीटरचे ६ पॅनेल (कप्पे), उंची ४ मीटर, खालच्या मधल्या ५ सांध्यांवर प्रत्येकी १० किलोन्यूटन. दोन्ही टोकांच्या आधारांची रिॲक्शन, म्हणजे वर ढकलणारं बल, २५-२५.

हवा होता डावीकडून तिसऱ्या पॅनेलमधला तिरपा मेंबर (दांडा). एका सांध्यावर समीकरणं दोनच (आडव्या आणि उभ्या बलांची), त्यामुळे टोकापासून निघालं की तो पाचव्या सांध्यावर हाती लागतो. त्या पॅनेलमधून छेद घेतला तर डाव्या भागावर रिॲक्शनच्या २५ मधून दोन भारांचे २० वजा, उरले ५. भागिले ४/५ (उंची ४, तिरपी लांबी ५), म्हणजे ६.२५ किलोन्यूटन ताण. झालं! त्याच छेदातला वरचा मेंबर तर एका मोमेंटमध्ये (बल गुणिले अंतर) येतो: खालच्या मधोमधच्या सांध्याभोवती २५×९ − १०×६ − १०×३ = १३५, भागिले ४, म्हणजे ३३.७५ दाब. मात्र छेदात अज्ञात बलं साधारण तीनच हवीत.

चुकांचं गणित उलटं आहे. सांध्यांमध्ये पहिली चूक शेवटपर्यंत झिरपते, पण शेवटच्या सांध्यावर बेरीज शून्य आली नाही की लगेच पकडली जाते. छेदात अशी आपोआप तपासणी नाही. उजवा भाग घेऊन पुन्हा पडताळा.

घडीच्या शिडीसारख्या फ्रेमला मात्र दोन्ही लावू नका. तिथे मेंबर वाकतात, बल त्यांच्या रेषेत राहत नाही. प्रत्येक तुकडा सुटा काढा, पिनवरची बलं दोन्ही तुकड्यांवर विरुद्ध दिशेने दाखवा.

सगळे २१ मेंबर मागितले असतील तर सांधे. मधले दोन-तीनच हवे असतील तर छेद.